चौदा काचा

बिघडलेली वस्तू दिसली की या माणसाचे हात शिवशिवायचे. पंखा असो, मिक्सर असो, दाराची कडी असो. धंदाच तो होता त्याचा, लोकांच्या घरी जाऊन वॉशिंग मशिनी दुरुस्त करायचा. पण घरी आल्यावर तरी माणसानं गप्प बसावं की नाही? छे! सासऱ्यांच्या घरात वरच्या मजल्यावर राहायला आल्यापासून, म्हणजे गेली सहा वर्षं, त्यानं त्या घरातला एक स्क्रू ढिला राहू दिला नव्हता. घरजावई म्हटलं की लोक गालात हसतात. हसोत बापडे. त्यांना उत्तर द्यायला याचे हात पुरेसे होते. "आमच्या जावईबापूंच्या हातात जादू आहे," असं सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. जावई वरवर नको नको म्हणायचा आणि आतून मूठभर मांस चढवून घ्यायचा.

तर या जादूच्या हातांनी एका मंगळवारी दुपारी सासऱ्यांची बस पाडली.

बस म्हणजे खरी नव्हे, टेबलावर मावणारी. सासरे चौतीस वर्षं शहर बसचे ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांना प्लास्टिकच्या मॉडेलांचं वेड लागलं. खोक्यात फ्रेमला लटकलेले दोन-तीनशे बारीक भाग येतात. ते एकेक कापायचे, घासायचे, रंगवायचे, चिमट्यानं उचलून चिकटवायचे. आधी दोन मोटारी आणि एक ट्रक करून त्यांनी हात बसवून घेतला आणि मग ही बस काढली. शेवटची अकरा वर्षं जी चालवली, तिचंच मॉडेल. आठ महिने खपत होते. ड्रायव्हरच्या सीटचा एक कोपरा त्यांनी मुद्दाम फाटका रंगवला होता, कारण त्यांची खरी सीट तिथेच फाटलेली होती. दोन्ही बाजूंना मिळून चौदा खिडक्या, चौदा काचा. काच बसवताना ते श्वास रोखायचे आणि सासूबाईंना स्वयंपाकघरात भांडंसुद्धा आपटू द्यायचे नाहीत. त्या म्हणायच्या, "खऱ्या बसला एवढं जपलं असतंत तर तुम्हाला साहेब केलं असतं."

त्या दुपारी सासरे सासूबाईंना गाडीनं गुडघ्याच्या व्यायामाला घेऊन गेले होते. जावई खाली आला होता तो टेबलामागचा विजेचा सॉकेट बदलायला. सॉकेटपर्यंत हात पोचेना. आता टेबलावरच्या वस्तू आधी उचलून ठेवाव्यात, मग टेबल सरकवावं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. पण आमच्या कारागिराला कुठला धीर? त्यानं कंबरेनं टेबलाला धक्का दिला. बस घसरली, काठावर क्षणभर डुगडुगली आणि खाली गेली.

उचलून बघतो तर चाकं शाबूत, काचा शाबूत, फक्त वरचा टप सांध्यावर उकलून अख्खा निघाला होता. त्याला हायसं वाटलं. एवढंच ना? पिशवीत सुपरग्लूची ट्यूब होतीच. ती नसली तर तो घराबाहेर पडायचा नाही. मशीनच्या बटणापासून बुटाच्या तळव्यापर्यंत त्यानं आयुष्यात जे जे चिकटवलं ते त्या ट्यूबनंच. त्यानं सांध्यावरून सढळ हातानं ग्लू फिरवला, टप बसवला आणि दाबून धरला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटली, ती कोमट पाण्यात सोडवताना थोडं कातडं गेलं. बसवर धूळ बसू नये म्हणून सासऱ्यांनी एक पारदर्शक झाकण करून घेतलं होतं, तेही नीट बसवलं. सॉकेट बदलला. टेबल होतं तिथे नेलं. सांधा कुठे उकलला होता ते सांगून दाखवावं कुणी! जिना चढताना तो चक्क शीळ घालत होता.

संध्याकाळी खालून हाक आली. "जावईबापू, जरा येता का?"

तो खाली आला तेव्हा सासरे टेबलाशी बसले होते. दिवा जवळ ओढलेला, झाकण बाजूला आणि हातात मऊ फडकं. त्यांनी पुसून पुसून काचांना चकाकी आणली होती, पण बाहेरूनच.

"या काचा बघा बरं," ते म्हणाले. "मला धुरकट दिसतायत. सकाळी स्वच्छ होत्या."

जावयानं वाकून बघितलं. चौदाच्या चौदा काचांवर आतून पांढरट थर आला होता, थंडीत काचेवर कुणी फुंकर मारावी तसा. ड्रायव्हरची फाटकी सीट तर दिसतच नव्हती. त्याच्या डोक्यात लख्ख पडलं की हे त्याच्याच ग्लूमुळे झालंय. कसं, ते त्याला त्या वेळी माहीत नव्हतं. पण आपलं पाप आपल्याला बरोबर ओळखू येतं.

आता इथे काय म्हणायचं होतं? "बाबा, माझ्या हातून पडली. मी चिकटवली." सहा-सात शब्द. सासरे हळहळले असते, दोन दिवस घुश्शात राहिले असते आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच विषय काढून हसले असते. पण जीभ वळेना. सहा वर्षांत या घरात त्यानं काही मोडलं नव्हतं. आणि मोडलं, तर नेमकं हे?

"मला ह्यांच्या नादी लावू नका," सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. "मला बस दिसली तरी खूप झालं, काचा कुठल्या दिसायला!"

"म्हणून तर ह्यांना विचारतोय," सासरे म्हणाले. "सांगा, आहेत ना धुरकट?"

आणि जावई म्हणाला, "नाही हो, बाबा. स्वच्छ आहेत की."

बोलून गेला. वेळ मारून न्यायला म्हणून बोलून गेला. त्याला वाटलं होतं सासरे वाद घालतील, 'काय बोलता, हे काय मग?' म्हणतील, आणि मग बघू. पण सासऱ्यांनी वाद घातला नाही. त्यांनी एकदा बसकडे पाहिलं, एकदा जावयाकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं.

"स्वच्छ आहेत?"

"अगदी."

"असं," सासरे म्हणाले. त्यांनी बसवर झाकण ठेवलं आणि दिवा बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंच असताना त्यांनी जावयाला बाजूला घेतलं. "कालचं लेकीला सांगू नका. उगाच काळजी करत बसेल. हे तुमच्या-माझ्यात राहू दे. आणि मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन चला."

सासरे अंघोळीला गेल्यावर जावयानं किटच्या खोक्यातला माहितीचा कागद काढून वाचला. शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं: पारदर्शक भागांजवळ सुपरग्लू वापरू नये, वाफेनं काच पांढरी पडते. आणि यानं वाफ कोंडायला वरून झाकणही लावलं होतं! त्यानं कागदाची घडी होती तशी घातली आणि खोक्यात ठेवून दिली. मग सासऱ्यांना घेऊन डॉक्टरकडे गेला. हो, गेला! शेजारच्या खुर्चीवर बसला. सासऱ्यांनी भिंतीवरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत खडाखडा वाचली, तीही त्यानं ऐकली.

"या वयाला असे डोळे असतील तर मी दुकान बंद करीन," डॉक्टर म्हणाले. "काही झालेलं नाही तुम्हाला."

सासरे हसले नाहीत. बाहेर आल्यावर पायरीवरच थांबले. "म्हणजे डोळे ठीक आहेत," ते हळूच म्हणाले. "आणि जे नाही ते मला दिसतंय. मग बिघाड डोळ्यांच्या मागे आहे, जावईबापू." त्यांनी बोट कपाळावर टेकवलं. "माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी त्यांना भिंतीवर डाग दिसायचे. दोन वर्षांनी मला ओळखेनासे झाले."

तोंड उघडायला याहून चांगली वेळ कुठली? रस्ता रिकामा होता, ऐकायला तिसरं माणूस नव्हतं. जावयानं तोंड उघडलंही. "बाबा, असं काही नसतं हो," एवढंच बाहेर आलं.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. एकदा भीती मनात शिरल्यावर सासऱ्यांना जिथे तिथे धुकं दिसायला लागलं. न्हाणीघरातल्या आरशात दिसलं. दुधाच्या पातेल्यावरच्या काचेच्या झाकणात दिसलं. आठवड्याभरानं ते सासूबाईंना व्यायामाला घेऊन निघाले आणि कोपऱ्यावरून परत आले. गाडी दारात लावली, किल्ली काढली आणि वर येऊन जावयाच्या हातात ठेवली.

"समोरच्या काचेवर पांढरं दिसलं मला. चौतीस वर्षांत एका माणसाला ओरखडा आला नाही माझ्या बसनं. आता म्हातारपणी कुणाला उडवायचं नाहीये. गाडी तुम्ही वापरा. तुमच्या सासूबाईंना तेवढं व्यायामाला नेत जा."

"बाबा, धूळ असेल काचेवर," जावई म्हणाला.

"धूळ असेल तर पुसल्यावर जाते," सासरे म्हणाले.

आणि याच्या निलाजरेपणाची कमाल बघा, यानं किल्ली घेतली. आजवर हत्यारांची जड पिशवी खांद्यावर टाकून दोन-दोन बस बदलत गिऱ्हाइकांकडे जायचा, तो आता गाडीनं जायला लागला. दिवसाला दोन कामं जास्त व्हायला लागली. खांदा दुखायचा थांबला. "गाडी घेतलीस वाटतं?" लोक विचारायचे, आणि तो "सासऱ्यांची आहे" म्हणून पुढे सरकायचा. कुणी 'नशीबवान आहेस' म्हणालं की त्याला तिथल्या तिथे गाडीतून उतरावंसं वाटायचं. उतरायचा मात्र नाही.

खाली घरात चिठ्ठ्या दिसायला लागल्या. फ्रिजवर: 'गॅस बंद केला का?' दारावर: 'किल्ली खिशात.' टेबलाच्या खणाला: 'चिमटे, ब्रश इथे.' खण उघडून बघावा तर रिकामा. चिमटे, ब्रश, रंगाच्या बाटल्या, सगळं सासऱ्यांनी जुन्या डेपोतल्या एका पोरगेल्या ड्रायव्हरला देऊन टाकलं होतं आणि चिठ्ठी काढायची राहून गेली होती. बस त्यांनी जुन्या चादरीत गुंडाळून कपाटात ठेवली. एकदा जावई नळ बघायला स्वयंपाकघरात शिरला, तर सासरे ओट्याशी उभे राहून एका वहीत काहीतरी लिहीत होते. त्याला पाहून त्यांनी वही मिटली, पण पान त्याला दिसलंच. त्यावर घरातल्या सगळ्यांची नावं होती आणि प्रत्येकापुढे नातं लिहिलेलं होतं. जावयाच्या नावापुढे 'जावई' लिहून खाली दुसऱ्या ओळीत 'फार चांगला' असं लिहिलं होतं.

नळ गळतच राहिला. 'वायसर आणतो' म्हणून तो जो वर पळाला तो न्हाणीघरात जाऊन बसला. बायकोनं दार वाजवून विचारलं, "बरं नाही का रे?" तो म्हणाला, "पोट बिघडलंय." एक खोटं बोललं की त्याला सोबत लागते म्हणतात. याच्याकडे तर आता खोट्यांचा गोतावळा जमला होता. स्वतःचीच त्याला इतकी लाज वाटत होती की दाढी करतानाही तो गालाकडे बघायचा, डोळ्यांकडे नाही.

मग म्हणाल, अखेर सांगितलं का नाही? सांगितलं. बाविसाव्या दिवशी सांगितलं. पण मोठेपणा द्यायची घाई करू नका, आधी ऐका.

सासऱ्यांच्या बसवर वीस वर्षं कंडक्टर असलेला त्यांचा दोस्त दूरच्या गावी लेकाकडे राहायला गेला होता. तो दोन दिवसांसाठी आला आणि त्यानं फोन केला, "पाच वाजता येतो. आपली बस बघायचीये मला." सासरे आधी नको म्हणत होते, पण कंडक्टरपुढे कुणाचं चाललंय? वीस वर्षं त्यानं माणसं आत रेटली होती. सासऱ्यांनी बस कपाटातून काढली आणि चादर सोडायला बसले. जावई सासूबाईंना व्यायामाहून घेऊन नुकताच आला होता. 'कंडक्टर येतोय, बस बघायला' हे ऐकलं आणि त्यानं आधी घड्याळाकडे पाहिलं. कंडक्टर आल्या आल्या विचारणार, काचा अशा धुरकट का रे? त्याच्या डोळ्यांना तर काही झालेलं नव्हतं.

साडेचार वाजले होते. सासूबाई आत कपडे बदलत होत्या.

"बाबा," जावई म्हणाला, "काचा धुरकट आहेत."

सासऱ्यांचे हात चादरीवर थांबले. "काय म्हणालात?"

"पहिल्यापासून धुरकट आहेत. माझ्या हातून बस पडली त्या दिवशी, सॉकेट बदलताना. टप निघाला. मी सुपरग्लूनं चिकटवला आणि वर झाकण लावलं. त्या वाफेनं झालंय. तुम्हाला जे दिसत होतं ते खरंच होतं."

त्यांनी चादर पूर्ण सोडली, बस उजेडात धरली आणि पाहिली. "सुपरग्लू," ते पुटपुटले. "असं होतं त्यानं. वाचलंय मी. पण मी तर वापरलाच नव्हता, मग सुचणार कसं!" आणि एकदम उठून खिडकीशी गेले. समोरच्या इमारतीवरची पाटी मोठ्यानं वाचली. मग तिच्याखालची बारीक पाटी. मग कोपऱ्यावर उभ्या असलेल्या टेंपोचा नंबर. आवाज वाढत गेला, शेवटचे आकडे वाचताना फाटला. "अगं ए!" त्यांनी आत हाक मारली. "अगं, मला काही झालेलं नाहीये!" आणि सासूबाई अर्धवट कपड्यांत धावत बाहेर येईपर्यंत ते खिडकीची चौकट धरून लहान मुलासारखे रडत होते.

जावई टेबलाशी उभा होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक सहज म्हणतात. त्यानं त्या वेळी ते मनापासून मागितलं.

सासूबाई पाणी आणायला गेल्या तेव्हा सासरे परत खुर्चीत येऊन बसले. डोळे पुसले. त्यांचा चेहरा आता शांत होता आणि तेच जावयाला सोसेना.

"आजच का सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

निदान इथे तरी तो खोटं बोलला नाही. "पाच वाजता कंडक्टरकाका येणार. ते सांगतीलच, म्हणून."

सासऱ्यांनी मान हलवली. जावयानं किल्ली टेबलावर ठेवली, ती त्यांनी खिशात टाकली. "बस पडली, त्याचं काही नाही," ते म्हणाले. "माझ्याही हातून पडली असती. पण मी तुम्हाला विचारलं होतं, जावईबापू. तुमच्याकडे तोंड करून विचारलं होतं."

कंडक्टर पाचला आला आणि आल्या आल्या ओरडलाच, "अरे, काचांवर काय धुकं पाडलंस?" जावयानं स्वतःहून सांगितलं की ती करामत त्याची. कंडक्टर पोट धरून हसला. "हात दाखवून अवलक्षण!" म्हणाला आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला. सासूबाई हसल्या, कामावरून आलेली लेकसुद्धा हसली. ग्लूचं हसण्यावारी गेलं. बाकीचं सासऱ्यांनी काढलं नाही आणि त्यामुळे त्यावर तिथे कुणी बोललं नाही.

बायकोला त्यानं रात्री वर आल्यावर स्वतःच सांगितलं. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"बाबा वहीत आपली नावं लिहीत होते," ती म्हणाली. "तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू गाडी चालवत होतास."

"हो."

तिनं हातातली घडी पुरी केली, त्याचे कपडे वेगळे काढून खुर्चीवर ठेवले आणि दिवा तसाच ठेवून झोपली. बरेच दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

काचा मात्र निघाल्या हो स्वच्छ! सासऱ्यांनी बस पिशवीत घालून दोन तास फ्रीझरमध्ये ठेवली. गारठला की सुपरग्लू ठिसूळ होतो. मग पातं घालून टप अलगद उकलला आणि कापसाच्या काडीला टूथपेस्ट लावून चौदाही काचा आतून घासल्या. चार दिवस लागले. चिमटे, ब्रश डेपोतल्या पोरानं आणून दिले. फ्रिजवरच्या चिठ्ठ्या गेल्या. सासरे सासूबाईंना गाडीनं व्यायामाला न्यायला लागले आणि जावयाच्या खांद्यावर पुन्हा पिशवी आली. कोणी त्याला उणादुणा शब्द बोललं नाही. जेवताना सासरे त्याला आधी वाढायला सांगायचे, तसंच सांगत राहिले. वाटलं, सरलं सगळं.

त्यानं सासऱ्यांना एक नवं किट आणून दिलं, छोट्या विमानाचं. सासऱ्यांनी "कशाला हो खर्च केलात" म्हणत घेतलं आणि रीतसर करायला बसले. दोन महिन्यांनी एका रविवारी पंख बसवायची वेळ आली. ते काम एकट्याचं नाही. किटचा गोंद सावकाश धरतो, तोवर एकानं मागून दोन्ही पंख हातांनी तोलून धरायचे आणि दुसऱ्यानं समोरून बघून सांगायचं, सरळ आहेत की एक खाली गेलाय. सासऱ्यांनी गोंद लावला, पंख धरले. जावई समोरच्याच खुर्चीत बसला होता, विमानाच्या अगदी नाकासमोर.

"अगं," सासऱ्यांनी लेकीला हाक मारली, "जरा बघायला ये."

ती वरच्या मजल्यावर होती. तिला ऐकू गेलं नसावं.

"बाबा, मी बघतोय," जावई म्हणाला. "डावा थोडा खाली आहे. केसभर वर घ्या."

सासऱ्यांनी हात हलवले नाहीत. "येईल ती," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता, रागाचा लवलेश नव्हता. त्यांनी पुन्हा हाक मारली. ती आली, घाईत होती, हाताला साबण होता. दारातूनच तिनं मान वाकडी करून पाहिलं. "सरळ आहे, बाबा," म्हणाली आणि गेली. सासऱ्यांनी पंख तसेच धरून ठेवले. जावई पाच मिनिटं समोर बसून गोंद सुकताना बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर निघाला तेव्हा सासरे टेबलाशी होते. विमान डोळ्यांच्या रेषेत धरून समोरून निरखत होते. त्याची चाहूल लागली तशी त्यांनी विमान खाली ठेवलं.

"डावीकडे कललंय," ते म्हणाले. "तुम्ही सांगितलं होतंत."

जावयानं पिशवी खाली ठेवली. कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटलं. "मग ऐकलं का नाहीत, बाबा?"

सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. टोमणा मारायचा त्यांचा स्वभावच नव्हता. जे मनात होतं तेच त्यांनी विचारलं.

"खरं बोलत होतात तुम्ही. पण मला ते कळावं कसं?"

आणि ते उत्तराची वाट बघत राहिले.